घोड्याच्या साजातली बक्कलं आणि कड्या: कधीच सुटू नये, पण गरज पडली तर लगेच सुटावं, हे कसं जमवतात?

आपण इथे नेहमी प्रोसेसर, बॅटरी, कॅमेरा यांच्याबद्दल बोलतो. आजचं तंत्रज्ञान मात्र बिनबॅटरीचं आहे. घोड्याला गाडीला, खुंट्याला किंवा स्वाराला जोडणारी बक्कलं, कड्या आणि खटके, म्हणजेच साजाचं हार्डवेअर, हा आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, घोड्याचा साज आता कोण वापरतं? माथेरानला मोटारगाड्यांना बंदी आहे, तिथे आजही पर्यटक घोड्यावर बसून फिरतात. लग्नाच्या वरातीत नवरदेव घोडीवर असतो, समोर बँड आणि बाजूला फटाके. मुंबईच्या व्हिक्टोरिया २०१५ मधल्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर हळूहळू बंद झाल्या, पण टांग्यांच्या शर्यती, रेसकोर्स आणि रायडिंग क्लब आहेतच. या प्रत्येक ठिकाणी एखादी छोटीशी कडी चुकीच्या वेळी सुटली, किंवा योग्य वेळी सुटलीच नाही, तर माणसाचा आणि जनावराचा जीव जाऊ शकतो.

डिझाइनचा पेच इथेच आहे. जोड कधीही आपोआप सुटता कामा नये, आणि घोडा पडला, अडकला किंवा उधळला तर तोच जोड एका हाताने, दोन सेकंदांत सुटला पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. चला तर मग, त्या कशा साधतात ते एकेक करून पाहूया.

साजात जोड कुठे कुठे असतात?

गाडीच्या घोड्याच्या गळ्यात जाड गळपट्टा असतो. त्याला धरून दोन वाकवलेले दांडे असतात, त्यांना हेम्स म्हणतात. हेम्सपासून मागे गाडीपर्यंत जाणारे दोन लांब पट्टे म्हणजे ट्रेस, घोड्याची सगळी ओढ यांच्यातूनच जाते. पाठीवर छोटी गादी, पोटाखाली तंग, शेपटीखाली दुमची आणि मागच्या मांड्यांमागून ब्रीचिंग नावाचा पट्टा असतो. उतारावर गाडी घोड्याच्या अंगावर येऊ नये, म्हणून ब्रीचिंग ब्रेकचं काम करतं. डोक्यावर लगाम आणि डोळ्यांना ढापणं.

हे सगळं एकमेकांना जोडायला बक्कलं, कडी, आकडे आणि डी आकाराच्या रिंगा लागतात. या वस्तू बनवणाऱ्या कारागिरांना इंग्लंडमध्ये लॉरिनर म्हणतात. लंडनमधल्या त्यांच्या संघाचे नियम १२६१ सालापासूनचे आहेत, म्हणजे हा धंदा किती जुना आहे बघा. इंग्लंडमधलं वॉल्सॉल शहर याच कामासाठी प्रसिद्ध, इतकं की तिथल्या फुटबॉल क्लबचं टोपणनावच ‘सॅडलर्स’ म्हणजे खोगीर बनवणारे असं आहे. आपल्याकडे हे काम कानपूरचं. कानपूरच्या खोगीर आणि साजाला जीआय मानांकन मिळालेलं आहे.

आधी हिशेब: जोर किती येतो?

डिझाइनची सुरुवात आकड्यांपासून करावी, असं माझं मत आहे. जेम्स वॅटने अश्वशक्तीचं माप ठरवताना घोडा सतत साधारण १८० पौंड, म्हणजे ८२ किलो वजनाइतका जोर लावतो असं धरलं होतं. त्यावरून १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. हा जोर दोन ट्रेसमध्ये वाटला तर प्रत्येकावर ४१ किलो येतो. एवढं तर कुठलंही बक्कल सहज झेलेल.

पण जोड सतत चालणाऱ्या ओढीने तुटत नाही, तो हिसक्याने तुटतो. समजा, ४०० किलोचा घोडा दोराने खुंट्याला बांधलाय. फटाका वाजतो आणि तो दचकून मागे झेपावतो. वेग सेकंदाला ३ मीटर धरू.

ऊर्जा = ½ × ४०० × ३ × ३ = १८०० ज्यूल.

दोर आणि म्होरकी मिळून २० सेंटीमीटर ताणली आणि घोडा थांबला, तर सरासरी जोर १८०० ÷ ०.२ = ९००० न्यूटन. म्हणजे साधारण ९२० किलो! कमाल जोर त्याहूनही जास्त. तोच दोर ४० सेंटीमीटर ताणला गेला, तर जोर निम्म्यावर येतो, ४५०० न्यूटन. म्हणजे जोडाची सुरक्षितता फक्त लोखंडाच्या जाडीवर ठरत नाही. बाकीचा साज किती लवचिक आहे यावरही ती ठरते.

आता चामड्याकडे बघू. २५ मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड पट्टा घ्या. चामड्याची ताकद ते कसं कमावलंय त्यावर बदलते, हिशेबापुरती चौरस मिलिमीटरला २० न्यूटन धरू. अख्खा पट्टा २००० न्यूटन झेलेल. त्यात ५ मिलिमीटरचं भोक पाडलं की उरलेली रुंदी २० मिलिमीटर, म्हणजे १६०० न्यूटन. भोकाने पाचवा हिस्सा खाल्ला. म्हणून पट्टा बक्कलाजवळच्या भोकात तुटतो. मधे कुठे तुटलेला क्वचितच दिसेल.

बक्कल: सगळ्यात साधं आणि भरवशाचं

बक्कलात तीन भाग असतात: चौकट, आडवी दांडी आणि काटा. काटा पट्ट्याच्या भोकातून जाऊन चौकटीवर टेकतो. पट्टा जितका ओढला जाईल तितका काटा चौकटीवर घट्ट दाबला जातो. ओढ वाढली की पकडही वाढते, त्यामुळे बक्कल आपोआप सुटणं जवळजवळ अशक्य. यात स्प्रिंग नाही, म्हणून गंजून किंवा थकून बिघडण्यासारखं फारसं काही नाही.

चांगल्या बक्कलात मी या गोष्टी बघतो:

• काट्याचं टोक चौकटीच्या बाहेर येता कामा नये. बाहेर आलेलं टोक लगामात किंवा आयाळीत अडकतं.

• चौकटीवर काटा टेकतो तिथे छोटी खाच असावी, म्हणजे काटा बाजूला सरकत नाही.

• पट्टा वळतो त्या कडेला फिरणारी नळी, म्हणजे रोलर, असेल तर पट्टा घासत नाही आणि घट्ट ओढणं सोपं जातं.

• पट्ट्याचं उरलेलं टोक अडकवायला चामड्याची पट्टी हवीच. लोंबणारं टोक कशातही अडकतं.

• भोक गोल किंवा लंबगोल पंचाने पाडलेलं असावं. चाकूने चीर दिली की चिरेच्या टोकापासून फाटणं सुरू होतं.

आता बक्कलाची अडचण. काटा काढायचा तर पट्टा आधी अजून थोडा घट्ट ओढावा लागतो. घोडा पडलाय, पट्टा ताणलेला आहे आणि त्यावर शेकडो किलोंची ओढ आहे. अशा वेळी कोण तो अजून ओढणार? म्हणून गाडी हाकणाऱ्याजवळ धारदार, शक्यतो दातेरी पात्याचा चाकू हवा. पट्टा कापला तर नवा आणता येतो.

खटक्याची कडी: सोयीची, पण फसवी

म्होरकीच्या दोराला जी कडी लावतात, ती बहुतेकांनी पाहिली असेल. अंगठ्याने खटका मागे ओढायचा, रिंग आत घालायची, सोडायचं. स्प्रिंगने खटका बंद होतो. कुत्र्याच्या पट्ट्याला, लॅपटॉपच्या बॅगेलाही हीच असते.

ही कडी तीन प्रकारे दगा देते.

पहिला प्रकार, रिंग फिरून खटक्यावरच येते. कडीची ताकद तिच्या पाठीच्या जाड भागात असते. खटका फक्त दार बंद ठेवायला आहे, ओझं उचलायला तो बनवलेलाच नाही. रिंग मोठी आणि कडी लहान असली की पिळा बसून रिंग खटक्यावर दाबली जाते आणि कडी उघडते.

दुसरा प्रकार, हिसक्याने खटका क्षणभर स्वतःच उघडतो. खटक्यालाही वजन आहे. कडी जोरात आपटली की जडत्वामुळे तो स्प्रिंगच्या विरुद्ध हलतो. हे साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण तुमच्या फोनच्या स्लो मोशनमध्ये, २४० फ्रेम्सवर, एखादी कडी हातावर आपटून शूट करा, खटका थरथरताना दिसू शकतो.

तिसरा प्रकार, कडी भलत्याच गोष्टीत अडकते. घोडा मान खाजवायला खांबावर डोकं घासतो आणि बाहेरच्या बाजूला असलेला खटका कुंपणाच्या तारेत अडकतो. म्हणून कडी लावताना खटका कुठल्या बाजूला राहील, हे डिझाइनमध्येच ठरवावं लागतं.

गिर्यारोहक वापरतात त्या कॅराबिनरवर आकडे कोरलेले असतात. युरोपियन मानकानुसार साध्या कॅराबिनरची ताकद लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन असावी लागते, पण खटका उघडा असेल तर मानक ७ किलोन्यूटनवरही समाधान मानतं. म्हणजे दार नीट बंद नसेल तर तीच कडी साधारण एक तृतीयांश ताकदीची उरते. घोड्याच्या कडीलाही हेच तत्त्व लागू होतं.

यावर उपाय म्हणजे दोन क्रिया. तुमचा फोन बंद करताना अनेक मॉडेल्समध्ये दोन बटणं एकत्र दाबावी लागतात, मग स्क्रीनवर सरकवावं लागतं. खिशात चुकून बंद होऊ नये म्हणून ही सोय. कडीतही तसंच: आधी फिरवा, मग ओढा. घोड्याच्या घासण्याने एक क्रिया घडेल, दोन्ही ओळीने घडणं कठीण. पण क्रिया वाढल्या की घाईच्या वेळी सोडायला वेळही वाढतो, हे विसरू नका. थंडीत आखडलेल्या बोटांनी आणि जाड हातमोजे घालून ती कडी उघडते का, हे करूनच बघायला हवं.

पॅनिक स्नॅप: ओढ असतानाही सुटणारी कडी

या कडीचा आकडा बिजागरीवर फिरतो आणि त्याचं टोक एका सरकत्या नळीखाली अडकलेलं असतं. नळी मागे सरकवली की टोक मोकळं होतं आणि घोड्याच्या ओढीनेच आकडा उघडतो. बक्कलात ओढ आपल्या विरुद्ध जाते, इथे ती आपल्या कामी येते. एका हाताने, घोड्याने दोर ताणलेला असतानाही, ही सुटते.

मग सगळीकडे हीच का वापरू नये? कारण नळीला खांबाचा धक्का लागला तर ती नको तेव्हाही सुटू शकते. शिवाय धूळ, वाळू आणि गंज आत गेला की नळी अडकते. म्हणून ती नियमित उघडझाप करून बघावी लागते.

ती दोराच्या कुठल्या टोकाला लावायची, हाही डिझाइनचाच प्रश्न आहे. म्होरकीपाशी लावली तर घोडा दोरासकट पळत नाही, पण ती सोडायला बिथरलेल्या घोड्याच्या तोंडाशी हात न्यावा लागतो. भिंतीपाशी लावली तर माणूस लांब राहतो, पण दोर घोड्याच्या पायांत लोंबतो. मला विचाराल तर भिंतीपाशीच. माणूस जखमी झाला तर घोड्याला मदत कोण करणार?

मुद्दाम ठेवलेला कमजोर दुवा

२००६ मध्ये ॲपलने मॅकबुकला मॅगसेफ चार्जर दिला होता, आठवतंय? वायरला पाय अडकला की चुंबकाचा जोड सुटतो आणि लॅपटॉप खाली पडत नाही. घोड्याच्या बाबतीत ही कल्पना त्याच्याही कितीतरी आधीची आहे.

नायलॉनची म्होरकी, स्टीलची कडी आणि भिंतीतली पक्की रिंग, हे तिन्ही तुटणारे नसतील, तर ते ९००० न्यूटन जातात कुठे? घोड्याच्या मानेत, कानांमागच्या हाडाजवळ. म्हणून चांगल्या म्होरकीत डोक्यावरचा तुकडा मुद्दाम चामड्याचा ठेवतात, किंवा भिंतीच्या रिंगेत सुतळीचा फास बांधून दोर त्या फासाला बांधतात. आधी सुतळी तुटते, मान वाचते.

पण हाच नियम चालत्या गाडीला लावायचा नाही. ट्रेस किंवा हेम्सचा खालचा पट्टा भर रस्त्यात तुटला तर हेम्स गळपट्ट्यावरून निसटतात आणि गाडी अर्धवट जोडलेली राहते. अशी गाडी घोड्याच्या पायांवर आदळते, घोडा आणखी उधळतो. म्हणजे बांधलेल्या घोड्याला कमजोर दुवा हवा, गाडीच्या घोड्याला मजबूत जोड आणि हाताने झटपट सोडायची सोय हवी. याच कारणाने एक नियम जगभर पाळतात: घोडा गाडीतून पूर्ण सोडवल्याशिवाय डोक्यावरचा लगाम काढायचा नाही. लगाम निघाला की ताबाही गेला आणि ढापणंही गेली. मागे फिरणारी चाकं अचानक दिसली की शांत घोडाही पळत सुटतो.

रिकीब: स्वार फरफटू नये म्हणून

घोडेस्वारीतला सगळ्यात भयंकर अपघात म्हणजे पाय रिकिबीत अडकून स्वार फरफटत जाणं. यावर दोन सोपे उपाय आहेत. बऱ्याच खोगिरांमध्ये रिकिबीचा पट्टा ज्या लोखंडी दांडीवर अडकवतात, तिच्या टोकाला एक छोटी फिरकी असते. स्वार होताना ती आडवी, म्हणजे उघडी ठेवायची. स्वार पडून मागे ओढला गेला की पट्टा दांडीवरून सरकून निघतो. ती वर करून ठेवली तर पट्टा अडकून राहतो.

दुसरा उपाय पीकॉक रिकीब. हिच्या बाहेरच्या बाजूला लोखंडाऐवजी जाड रबरी कडं असतं. पाय अडकला की रबर निसटतं आणि पाय मोकळा होतो. रबर बाहेरच्याच बाजूला हवं. आणि रिकीब बुटापेक्षा साधारण २.५ सेंटीमीटर रुंद असावी. अरुंद असली तर बूट अडकतो, फारच रुंद असली तर अख्खा पाय आत घुसतो. सहलीला गेलात तर घोड्यावर बसण्याआधी एवढं नक्की बघा, आणि जाड स्पोर्ट्स शूजची लेस लोंबत ठेवू नका.

धातू कोणता?

बाजारात एकसारख्या चमकणाऱ्या कड्या चार वेगवेगळ्या धातूंच्या असू शकतात.

• स्टेनलेस स्टील: मजबूत, गंजत नाही. कोकणासारख्या खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा ३१६ ग्रेड चांगला.

• पितळ: दिसायला सुंदर, साजाला पारंपरिक. स्टीलपेक्षा मऊ, म्हणून जाड ठेवावं लागतं.

• निकेलचा मुलामा दिलेलं लोखंड: मुलामा खरवडला की आतून गंज.

• जस्ताचं ओतीव मिश्रण: स्वस्त आणि ठिसूळ. वाकण्याची सूचना न देता कडकन तुटतं. घोडा किंवा माणूस यावर अवलंबून असेल तिथे हे वापरूच नका.

ओळखायला साधं चुंबक घ्या. पितळ आणि जस्त चिकटत नाही. पिवळी कडी चुंबकाला घट्ट चिकटली तर ती मुलामा दिलेलं लोखंड आहे.

पितळाबद्दल एक भारी गोष्ट सांगतो. १९व्या शतकात हिंदुस्थानातलं ब्रिटिश सैन्य पावसाळ्यात मोहिमा थंडावल्या की दारूगोळा तबेल्यांमध्ये ठेवत असे. नंतर बघावं तर पितळी काडतुसांना आपोआप तडे गेलेले! कारण १९२१ मध्ये स्पष्ट झालं: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा, आणि काडतूस बनवताना धातूत राहिलेला ताण. उपाय म्हणजे बनवल्यावर पितळ तापवून तो ताण काढून टाकायचा. आता विचार करा, साजाची पितळी बक्कलं कुठे टांगलेली असतात? त्याच तबेल्यात. म्हणून साज वेगळ्या, हवेशीर खोलीत ठेवायचा आणि थंड अवस्थेत वाकवलेल्या पितळी तुकड्यांवर बारीक तडे आहेत का हे बघायचं.

फोन वापरून तपासणी कशी करायची?

१. प्रत्येक कडी आणि बक्कल पुसून मॅक्रो मोडमध्ये फोटो काढा. दर महिन्याला त्याच कोनातून पुन्हा काढा आणि शेजारी ठेवून बघा. भोक लांबट झालंय का, कडं झिजून पातळ झालंय का, हे लगेच कळतं.

२. फिरत्या कडीचा सांधा बारकाईने बघा. स्वस्त कड्यांमध्ये आकडा ठीक असतो, पण खालचा रिव्हेट निसटतो.

३. खटका दहा वेळा उघडून सोडा. एकदाही अर्ध्यावर अडकला तर ती कडी बाद.

४. पट्टा बक्कलापाशी उलटा वाकवून बघा. भेगा दिसल्या तर पट्टा बदला.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*थ्रीडी प्रिंटरवर कडी बनवली तर चालेल का?*
नमुना म्हणून जरूर बनवा, हाताला कशी बसते ते कळेल. वापरू मात्र नका. प्रिंट थरांनी बनतं आणि थर जिथे चिकटतात तिथेच ते फाटतं.

*कडीवर ‘२०० किलो’ लिहिलंय, म्हणजे पुरेसं ना?*
आधी विचारा, हा आकडा तुटण्याचा आहे की सुरक्षित वापराचा? दोन्हींत अनेक पटींचा फरक असतो. आणि वरचा हिशेब आठवा, हिसका ९०० किलोच्या वर जाऊ शकतो.

*सगळ्यात मजबूत कडी घेतली की झालं, नाही का?*
नाही. तुटायची वेळ आली तर साखळीतलं काय आधी तुटावं, हे तुम्ही ठरवलं नाही तर ते नशिबावर जातं. बांधलेल्या घोड्यासाठी सुतळी किंवा चामड्याचा तुकडा तुटावा, हे आधीच ठरवून ठेवा.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी वरातीतली घोडी किंवा माथेरानचा घोडा दिसला, तर फोटो काढण्याआधी त्याच्या म्होरकीची कडी आणि खोगिराचा तंग नजरेखालून घाला. काही तुटकं दिसलं तर घोडेवाल्या काकांना नम्रपणे सांगा. ही माहिती उपयोगी वाटली असेल तर घोडेस्वारीला जाणाऱ्या मित्रमैत्रिणींना नक्की शेअर करा, आणि तुमचे प्रश्न खाली विचारा.